खातरजमा झाली, पडताळा कुठे आहे?

प्रश्न असा आलाय: 'मेसेजचा पुरावा मागितला की "मी खातरजमा केलीय" असं उत्तर मिळतं. खातरजमा म्हणजे तपासणीच ना? आणि खातर बरोबर की खातिर?'

हे उत्तर मीही सारखं ऐकतो आणि दर वेळी चिडतो. रूढ अर्थ कोणत्याही कोशात मिळेल, तो सांगत बसत नाही. शब्दाच्या पोटात काय आहे ते बघा.

अरबी 'खातिर' म्हणजे मन, मनात येणारा विचार. 'जमा' म्हणजे एकत्र येणं. जमाखर्चात, जमातीत, जुम्म्यात आहे तेच. फारसीत 'खातिरजमा' म्हणजे ज्याचं मन ठिकाणावर आहे, जो निर्धास्त आहे असा. उर्दूत आजही 'खातिर जमा रखिए' म्हणजे निश्चिंत असा. याच्या उलट 'परेशान', मूळ अर्थ विखुरलेला. शायर मोकळ्या सुटलेल्या बटांनाही परेशान म्हणतात! तर परेशान माणसाचं मन पांगलेलं आणि खातरजमा झालेल्याचं गोळा झालेलं. यात कागद कुठे आला? साक्षीदार कुठे आला? आपली 'खात्री'सुद्धा याच खातिरमधून आलेली. आणि कमाल म्हणजे 'खतरा'ही अरबीतल्या त्याच तीन व्यंजनांवर, ख-त-र वर, उभा आहे. खात्री आणि खतरा एका घरातले! हे कळल्यापासून 'माझी खात्री आहे' असं कुणी म्हणालं की मी आधी सावध होतो.

'युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं' हा मेसेज घ्या. तिरंगे बघून ऊर भरून येतो, मन जागच्या जागी बसतं. शब्दशः खातरजमा झाली. युनेस्कोने असं कधीही ठरवलेलं नाही. २०२५च्या जुलैत रायगड, राजगड, जिंजी धरून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हाही ऊर असाच भरून आला. पण ते किल्ले युनेस्कोच्या यादीत 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' या नावाखाली सापडतात. मनाला विचारलं तर दोन्ही बातम्या खऱ्याच वाटणार. यादी उघडावीच लागते.

त्या कामाला मराठीत 'पडताळा' आहे. 'पड' म्हणजे प्रति, पडसाद-पडछाया-पडजीभ यांतला. ताळा हिशेबातला, ताळेबंदातला. शाळेत भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून भाज्य परत येतो का बघायचो, तोच हा पडताळा. उत्तर आवडलं की नाही, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. या ताळ्याचं नातं गाण्यातल्या तालाशी जोडणारे भेटतात. नातं असेलही, पण काम वेगळं आहे. ताल चुकला की कानाला कळतं. ताळा चुकला तर तो वहीतच शोधावा लागतो.

आणि फारसी नको म्हणून 'सत्यापन' लिहा सांगणारे शुद्धिवादी! हिंदी कचेरीतला शब्द उचलून आणायचा आणि जिल्ह्याजिल्ह्यात 'जात पडताळणी समिती'च्या पाटीवर दिसणारा घरचा शब्द विसरायचा, ही कसली भाषाशुद्धी?

तेव्हा 'खातरजमा केलीय' म्हणणाऱ्याला विचारा, पडताळा कशाशी घेतला?

हां, खातर की खातिर. मराठीत खातर. 'माझ्याखातर', 'देशाखातर' यांतलाही हाच शब्द, आणि तिथे तो जोडूनच लिहायचा.