सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज

प्रश्न : माझी मोटार 14 वर्षांची आहे. सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. दिवे मात्र लख्ख लागतात. आधी बॅटरी, मग स्टार्टर आणि शेवटी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही बदलून झाला. दर वेळी आठ-दहा दिवस गाडी नीट चालते आणि पुन्हा तेच. आता मेकॅनिक गाडी विकून टाका म्हणतात. काय करावे?

उत्तर : तीनदा खर्च करूनही गाडी दारातच उभी राहिली की माणूस मेटाकुटीला येणारच, तरीही विकण्याची घाई करू नका. दिव्यांना थोडकेच अँपिअर पुरतात, पण इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला शंभर-दीडशे लागतात आणि सकाळी ऑइल घट्ट असताना त्याहूनही अधिक. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडात 0.02 ओहम इतकाच रोध असला, तरी 150 अँपिअर वाहताना 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि स्टार्टरला फिरण्याइतका जोर उरत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस चालली, याचे कारणही मला यातच दिसते : भाग बदलताना बॅटरीचे टर्मिनल सोडून पुन्हा आवळले गेले, जोड तेवढ्यापुरता घासला गेला आणि श्रेय नव्या भागाला मिळाले.

म्हणून आता आणखी काही बदलण्याआधी मोजून पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिन व बॉडीतून बॅटरीच्या ऋण खुंटीकडे परतणाऱ्या वाटेत आहे. इंजिनपासून बॉडीकडे जाणारी विणलेली पट्टी वरून धड दिसते. वाकवली की मात्र आतून हिरवट भुकटी गळते. धन बाजूची जाड तारही याच रीतीने, बॅटरीची धन खुंटी आणि स्टार्टरचा बोल्ट यांच्यामध्ये तपासावी. टर्मिनल साफ करताना ऋण तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी.

दोन्ही बाजूंचे आकडे चांगले आले, तरच स्टार्टर पुन्हा उघडायला सांगा. चासी गंजून पोखरली असेल किंवा इंजिनचे कॉम्प्रेशन गेले असेल, तर विकण्याचा विचार रास्त ठरेल. तुमच्या पत्रात तशी एकही खूण नाही.