प्लास्टिकच्या फिगरचा मावळा करायचाय: एअर ड्राय क्ले घेऊ, शाडू की एम-सील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांधे हलणाऱ्या सहा इंची सुपरहिरो फिगर घरात पडून आहेत, दिवाळीच्या किल्ल्यासाठी त्यांचे चार मावळे आणि एक पैलवान करायचा आहे, हातपाय हलत राहिले पाहिजेत. ओव्हन नाही. मग एअर ड्राय क्ले मागवावी, कोल्हापूरच्या बापट कॅम्पातून, म्हणजे मूर्तिकार कुंभारांच्या वस्तीतून, शाडू आणावा की सरळ एम-सील वापरावं? आणि कोल्हापूरच्या पावसात हे वाळणार का?

फेटा, मिशा, अंगरखा, लंगोट, म्हणजे फिगरच्या अंगाला जे जे चिकटून राहणार त्या सगळ्यासाठी दोन भागांची इपॉक्सी क्ले घ्या. पाण्याची एअर ड्राय क्ले किल्ल्यावरच्या सुट्या वस्तूंसाठी ठेवा. शाडू या कामाचा नाही.

पाण्याची क्ले वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडून जातं. पाणी गेलं की ती आकसते, साधारण ५ ते १० टक्के. सुटा गोळा असेल तर सगळा मिळून लहान होतो, बिघडत काही नाही. पण आत प्लास्टिकचं डोकं असलं तर ते काही आकसत नाही. वरचं कवच त्याच्याभोवती आवळत जातं आणि जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे फाटतं. फेट्याला मागून जी उभी चीर पडते ती हीच. क्ले भारीतली घेतली म्हणून ती टळत नाही. इपॉक्सीत मुळात पाणी नसतं. राळ आणि हार्डनर यांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन ती घट्ट होते, त्यामुळे आकसणं नगण्य.

दुकानात आणि ऑनलाइन दोन्हींना बिनदिक्कत 'एअर ड्राय' म्हणतात, तेव्हा नावावर जाऊ नका. पाकिटात दोन वेगळे गोळे असतील तर इपॉक्सी. एकच ओला गोळा असेल आणि 'उघडल्यावर हवाबंद ठेवा' लिहिलं असेल तर पाण्याची.

इपॉक्सीत हाताशी मिळणारे दोन पर्याय आहेत. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील स्वस्त आणि दणकट आहे, पण ते नळाच्या गळतीसाठी बनवलेलं आहे. ते चिकट असतं, बारीक रेघ धरत नाही. त्यातलं लवकर घट्ट होणारं तर घेऊच नका, मिशी वळेपर्यंत दगड होतं. आतल्या सांगाड्यासाठी साधं एम-सील उत्तम. कला साहित्याच्या दुकानात मिळणारी मोल्डइट ही भित्तीशिल्पवाल्यांची इपॉक्सी क्ले. ती मऊ, कमी चिकट आहे आणि घडी धरते. तुमचं बहुतेक काम हिच्यावर होईल. परदेशी मिलिपुट किंवा ग्रीन स्टफ मिळालं तर चेहऱ्यासाठी थोडंसं ठेवा, किल्ल्यावरच्या मावळ्यांना त्याची गरज नाही. ग्रीन स्टफची निळी-पिवळी पट्टी एकमेकींना चिकटून येत असेल तर मधला दोनेक मिलिमीटरचा सांधा कापून फेका. तिथे ते आधीच घट्ट झालेलं असतं आणि मळताना त्याच्या कण्या होतात.

क्ले ठरवण्याआधी प्लास्टिक मात्र बघा, कारण खरी फजिती तिथे होते. फिगरचं धड आणि हातपाय बहुधा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात, त्यावर इपॉक्सी छान धरते. डोकं, टोप, कोट असे भाग पुष्कळदा पीव्हीसी या मऊ प्लास्टिकचे असतात. बोटाने दाबलं की दबतात, आणि ते दबले की वरची कडक क्ले टवका उडून निघते. डोकं पोकळ असेल तर गरम पाण्यात दोन मिनिटं धरून मऊ करा, ओढून काढा, आत अॅल्युमिनियम फॉइल ठासून भरा आणि परत बसवा. जत्रेतल्या स्वस्त खेळण्यांचं मेणचट प्लास्टिक पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन असतं. त्याला काहीच चिकटत नाही, फेव्हिक्विकही नाही. ओळखायची युक्ती: तुटका तुकडा, ज्यात हवा अडकलेली नाही असा, साध्या पाण्यात टाका. हे दोन्ही तरंगतात, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. तरंगणारं निघालं तर १ मिमीची भोकं पाडून त्यात जेम क्लिपची तार रोवा, म्हणजे क्ले तारेला धरेल.

तयारी सगळ्यांना एकच. भांड्यांच्या साबणाने धुवा, म्हणजे साच्यातून सुटायला लावलेलं तेल जाईल. जिथे क्ले बसणार तिथे १८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि कटरने आडव्यातिडव्या रेघा मारा. थिनर किंवा अॅसिटोनने पुसायचा मोह टाळा, एबीएस विरघळतं.

आता मिसळणं. दोन्ही भाग समान घ्या, पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते. डोळ्याने अंदाज चुकतो म्हणून दोन्हींच्या सारख्या जाडीच्या वळ्या करून शेजारी ठेवा आणि सारख्या लांबीवर कापा. घड्याळ लावून चार मिनिटं मळा, एकही रेघ दिसता कामा नये. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालतात ते चूक आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही आणि काम कायमचं चिकट-मऊ राहतं. असं झालं तर वाट बघून उपयोग नाही, खरवडून काढा. नायट्राइलचे हातमोजे घाला. त्वचेने एकदा इपॉक्सीशी वैर धरलं की पुढे जरा लागलं तरी पुरळ उठतं.

फेटा करताना घाई नडते. मळलेली क्ले लगेच डोक्यावर थापली तर फेटा होत नाही, हेल्मेट होतं. आधी फॉइलची सुतळीएवढी वळी कपाळापासून मानेमागे फिरवून फेव्हिक्विकने चिकटवा, म्हणजे फेट्याचा फुगीरपणा तिथे येईल आणि क्ले कमी लागून डोकं जड होणार नाही. दोन्ही भागांच्या बोराएवढ्या गोळ्या मळा. दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे कापून, धुऊन, आतून टाल्कम पावडर लावा आणि मध्ये गोळा ठेवून बाटलीने १ मिमी जाड लाटा. मग तसाच ठेवून द्या. मोल्डइट असेल तर अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. चामड्यासारखं झालं की वेळ आली: उचललं तर लोंबतं पण ताणलं जात नाही, बोटाचा ठसा उमटतो पण चिकटत नाही. आता ६ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीची एक कड आत दुमडा, सुईच्या पाठीने लांबीला दोन-तीन सुरकुत्या ओढा आणि कपाळावर तिरप्या चढवा, एक डावीकडून, पुढची उजवीकडून. कोल्हापुरी फेट्याचा ढंग त्या एकमेकींवरून जाणाऱ्या तिरप्या पट्ट्यांत आहे, गोल गोल गुंडाळलं तर नुसतं मुंडासं दिसतं. तुऱ्यासाठी पट्टीच्या पंख्यासारख्या चुण्या घाला, खालचं टोक चिमटा आणि फेट्याच्या घडीत खोचा. शेमला, म्हणजे पाठीवर सोडलेलं फेट्याचं टोक, सगळ्यात शेवटी. तो पाठीला चिकटवायचा की मोकळा सोडायचा हे आधी ठरवा. चिकटवला तर मान फिरणार नाही. मोकळा सोडायचा तर आत बारीक तार घाला, नाहीतर पहिल्यांदा पडल्यावर मोडलाच.

सांध्यांचं गणित वेगळं. ज्या भागावर क्ले फक्त टेकली पाहिजे, चिकटली नाही पाहिजे, तिथे आधी बोटाने व्हॅसलीनचा पुसट हात द्या. अंगरख्याचा घेर मांडीवर येतो ती जागा हीच. क्ले तासाभराने रबरासारखी झाली की पाय एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा, जिथे अडेल तिथे कटरने तेवढीच कड छाटा. हे दुसऱ्या दिवसावर ढकललं तर एकतर पाय जखडतो किंवा फिरवताना अंगरख्याचा टवका जातो. सांध्याजवळ दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर रंगाच्या थरांसाठी कागदाच्या दोन घड्यांएवढी फट सोडा. रंग देण्याआधी व्हॅसलीन साबणाने धुवायला विसरू नका.

पैलवानाचं काम त्या मानाने सोपं आहे, कारण सुपरहिरोचे दंड-मांड्या आयत्याच आहेत. बदलायचं ते पोट आणि कान. सुपरहिरोच्या पोटाला चौकटी असतात, तालमीतला गडी मधोमध भरलेला असतो. त्या चौकटी २ मिमी क्लेने बुजवा आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करा. कानांवर मुगाएवढा गोळा दाबा आणि अर्धवट घट्ट झाल्यावर टूथपिकने दोन-तीनदा आत ढकला. फिगरचे धारदार कान बुजून मोडलेले दिसले की रंगाआधीच तो पैलवान वाटायला लागतो. गदेचा गोळा फॉइलचा, वर २ मिमी क्ले, दांडा बांबूच्या काडीचा. गोळा भरीव इपॉक्सीचा केला तर हात खाली येतो.

पावसाचं म्हणाल तर इपॉक्सीला दमट हवेचं फारसं वावडं नाही, तिला ऊब लागते. थंड, ओल्या दिवशी २४ तासांऐवजी दीड-दोन दिवस धरा. घाई असेल तर टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवा. बल्ब अगदी जवळ आणला तर पीव्हीसी वाकतं. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी तेलकट साय येते. ती न धुता रंग दिला तर रंग सोलल्यासारखा निघतो, म्हणून साबणाच्या पाण्याने घासून घ्या.

पाण्याच्या क्लेला मात्र जुलै-ऑगस्ट खरंच जड जातात. कपडे चार दिवस दोरीवर ओले राहतात तिथे ती काय वाळणार? किल्ल्यावरची झाडं, तोफा, धान्याची पोती तिच्यात करायची तर दसऱ्यानंतरच्या उन्हात करा. जाडी ५ मिमीच्या आत ठेवा, पहिला दिवस पिशवीखाली सावकाश वाळवा, दुसऱ्या दिवशी उलटा. चिरा पडल्या तर तीच क्ले पाणी आणि फेव्हिकॉलमध्ये दह्याइतकी पातळ करून भरा. शेवटी सगळ्या बाजूंनी, तळालाही, वॉर्निश द्या. तळ उघडा राहिला तर मातीच्या किल्ल्याची ओल तो शोषून घेतो. फुग्यासारखी हलकी फोम क्ले फारशी आकसत नाही, पण ती रबरी राहते, पॉलिश पेपरने नुसती कुरतडली जाते. ढगळ पोती, गवताच्या गंजी एवढंच तिचं काम. कॉर्नफ्लॉवर आणि फेव्हिकॉल शिजवून केलेलं घरगुती पोर्सिलीन आकसण्यात सगळ्यांवर कडी करतं, ते फुलांच्या पाकळ्यांना राहू द्या.

ओव्हन आणून पॉलिमर क्ले भाजायचा विचार डोक्यात असेल तर सोडा. ती १३० अंशांच्या आसपास भाजतात, त्याआधीच फिगर मऊ होऊन वाकते. शिवाय कच्ची पॉलिमर क्ले नुसती लावून ठेवली तरी तिच्यातलं तेल एबीएसला चरत जातं.

बापट कॅम्पातून शाडू आणलात तर वाया नाही जाणार. फेट्याचा सराव शाडूत करा, दहा वेळा मोडा, परत मळा, फुकट आहे. गणपतीच्या कामाची लाकडी कोरणी मिळाली तर तीही घ्या, इपॉक्सीवर पाण्यात बुडवून ती सुरेख चालते.

घासकाम २४ तासांनी, ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. कोरडं घासलं तर ती भुकटी श्वासात जाते. रंग अॅक्रेलिकच. स्प्रे आणि ऑइल पेंट मऊ पीव्हीसीवर महिनोन्महिने चिकट राहतात आणि किल्ल्यावरची सगळी माती मावळ्याच्या तोंडावर बसते. खेळणं तोंडात घालायच्या वयाचं लेकरू घरात असेल तर हे मावळे त्याच्या हाताला लागू देऊ नका. आणि लाटायला घेतलेली बाटली परत स्वयंपाकघरात नेऊ नका.