पुस्तकात वाचायला आहेच काय?

या वेळी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर एवढी पत्रं आली की बाकी सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. त्यातली तीन घेतलीयेत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका, बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून पहिल्यासारखाच आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. फर्ग्युसनच्या ग्राउंडवरच्या पुस्तक महोत्सवातून आमच्या साडेचार वर्षांच्या लेकीसाठी एक चित्रांचं पुस्तक घेतलं, २२५ रुपये. घरी येऊन वाचलं तर सात मिनिटांत संपलं. माझे वडील रिटायर्ड हेडमास्तर, त्यांनी चाळलं आणि म्हणाले, "यात वाचायला आहेच काय, सगळी चित्रंच की." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं, पण पैसे मी दिलेले म्हणून गप्प बसलो. आता गंमत अशी की पोरगी तीन आठवडे रोज रात्री तेच पुस्तक काढते आणि मला एक शब्द गाळू देत नाही. तर याला साहित्य म्हणायचं का? आणि दुकानात उभं राहून चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, कारण मागच्या वेळचं चकचकीत होतं ते तिने एकदा उघडलं आणि ठेवून दिलं. — एक बाबा, धायरी

उत्तर: आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि ते पुस्तक परत एकदा त्यांच्या हातात द्या, पण या वेळी चित्रांवर हात ठेवून नुसते शब्द वाचायचे, आणि ते झालं की शब्दांवर हात ठेवून नुसती चित्रं बघायची. दोन्ही वेळा गोष्ट पूर्ण समजली तर तुमचे २२५ गेले. दोन्ही वेळा काहीतरी अडलं, अर्धवट वाटलं, तर पुस्तक चांगलं असण्याची बरीच शक्यता आहे. माझी दुकानातली टेस्ट एवढीच आहे, दोन मिनिटांत होते, दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो पण अप्पा बळवंत चौकात, पुण्याच्या पुस्तकबाजारात, त्यांनी याहून विचित्र गिऱ्हाइकं बघितलेली असतात.

म्हणजे कसं ते सांगते. समजा पानावर लिहिलंय, "आज मी बाबांना स्वयंपाकात खूप मदत केली." आणि चित्रात एक मुलगा बाबांना मदत करतोय, दोघं हसतायत, टेबलावर फळांचा बाऊल. झालं, चित्राने शब्दांची झेरॉक्स काढली. आता तेच वाक्य ठेवा आणि चित्रात कणकेचा डबा आडवा पडलेला दाखवा, मांजर पांढरंशुभ्र, भिंतीवर पाच बोटं, आणि बाबा फोनवर "हॅलो, ती पार्सलवाली खाणावळ का?" विचारत असल्यासारखा चेहरा. वाक्य तेच आहे पण आता ते मुलाच्या तोंडचं वाक्य झालं, त्यात विनोद आला, थोडी दयाही आली. आणि ऐकणाऱ्या चार वर्षांच्या पोराला, ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला वाचणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळलं कारण तुमचे डोळे अक्षरांवर होते आणि त्याचे मांजरावर. या फटीतच सगळं आहे बघा. शब्द थोडं लपवतात, चित्रं थोडं लपवतात आणि मधली जागा मूल भरतं.

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स या बाईंचं १९६८ चं 'रोझीज वॉक'. इंग्रजीत मोजून ३२ शब्द, तेही एकच वाक्य, पूर्ण पुस्तकभर पसरलेलं. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, तळ्याच्या कडेने, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीजवळून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी येते, बस. हेडमास्तर आजोबा म्हणतील यात गोष्ट कुठंय. पण चित्रात पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा आहे, आणि त्या कोल्ह्याचा शब्दांत एकदाही उल्लेख नाही! तो दाताळ्यावर पाय देतो आणि दांडा नाकावर, मग तळ्यात, मग गवतात, मग डोक्यावर पीठ, शेवटी मधमाश्या मागे लागतात.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधे मी शनिवारी मुलांना वाचून दाखवते (कर्वेनगर, सतरंजी आपली आपण आणायची). तिथे हे पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचलं. कोल्ह्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. दुसऱ्याच पानाला एक मुलगी अस्वस्थ, चुळबुळ, मग गुडघ्यावर उठली आणि माझ्यावरच ओरडली, "अगं ताई तिला सांग ना!" मी म्हटलं, "काय सांगू?" तर तिने कपाळावर हात मारला. तिच्या लेखी मी ठार आंधळी होते. पुस्तक संपल्यावर एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "तिला माहितीये. ती मुद्दाम तिकडून जातीये." झालं, दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे कोंबडीला काहीच माहीत नाही, ती बावळट आहे, नशिबाने वाचली. दुसरी म्हणे ती हुशार आहे, कोल्ह्याला मुद्दाम पिठाखाली नेलं. मग पानं उलटून पुरावे काढणं सुरू झालं, तिचे डोळे बघ, मान बघ, एकदा तरी मागे बघते का बघ. वीस मिनिटं! आणि पुस्तक काही सांगत नाही. ही भांडणं आपण कॉलेजात कादंबरीवर करायचो, नायिकेला माहीत होतं का नव्हतं, आणि त्याला साहित्याचा अभ्यास म्हणायचो. इथे फक्त भांडणारे पाच वर्षांचे होते आणि एकाचा दात पडायला आलेला होता.

तुमची लेक रोज तेच का काढते तेही यातच आलं. गोष्ट काय ते तिला पहिल्या रात्रीच कळलं, आता ती कोपरे वाचतीये. एक काम करा, आज रात्री तुम्ही वाचू नका, तिला सांगा तू मला चित्रं वाचून दाखव. आणि मुखपृष्ठाच्या आतलं पहिलं पान आणि शेवटचं पान, जिथे अक्षरं नसतात आणि आपण भस्सकन उलटतो, ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, चांगल्या चित्रकाराने तिथेही काहीतरी पेरलेलं असतं.

दुकानातली आणखी एक गोष्ट, पान उलटण्याची जागा बघा. चित्रपुस्तकं बऱ्याचदा ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ आठ पानं छापून घडी घालतात, त्याला प्रेसवाले फॉर्म म्हणतात, असे दोन फॉर्म. आपल्याकडे खर्चामुळे १६ आणि २४ पानांचीही भरपूर निघतात, त्याने काही बिघडत नाही. पण चांगला लेखक त्या मर्यादेचाच उपयोग करतो, "आणि तेवढ्यात" हे उजव्या पानाच्या शेवटी येतं आणि जे काय होतं ते पान उलटल्यावर. गोष्ट कुठेही तोडून पानांत भरलेली असेल, वाक्य मधेच चिरलं असेल, तर समजा कुणी विचार केलेला नाही.

राहिला साहित्य म्हणायचं का हा प्रश्न. माधुरी पुरंदरे पुण्यातच राहतात, मुंबईच्या जेजे कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या, गोष्ट आणि चित्रं दोन्ही स्वतःच करतात. त्यांना २०१४ मधे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, म्हणजे आजोबांना अधिकृत शिक्का हवा असेल तर तोही आहे. पण त्यापेक्षा त्यांचं 'राधाचं घर' आजोबांना दाखवा. एका साध्या मराठी घरातली माणसं लहान मुलीच्या नजरेतून, कुणी परी नाही, राक्षस नाही, आणि भाषा अशी की वाचताना तोंडात कुठे खडा लागत नाही. हां, आणि मान्यता द्यायला सगळीकडेच उशीर होतो, बालसाहित्याचा जागतिक पातळीवरचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारसुद्धा लेखकांना १९५६ पासून मिळतोय पण चित्रकारांना तो द्यायला १९६६ उजाडलं.

प्रश्न: मी बालवाडीत ११ वर्षं शिकवते. हल्लीच्या पुस्तकांत तात्पर्यच नसतं. मुलगा वेडंवाकडं वागतो आणि त्याला कुणी काही म्हणतच नाही. पालक विचारतात यातून मुलांनी काय शिकायचं. तुम्हाला नाही का वाटत की संस्कार हवेत? — एक शिक्षिका, सहकारनगर

उत्तर: बाई, संस्कार हवेतच, पण ते शेवटच्या पानावरच्या चौकटीत येतात यावर माझा विश्वास नाही. तात्पर्याची चौकट आली की मुलं काय करतात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलंय, आवाज बदलतो, मान डोलते, "खोटं बोलू नये" सुरात म्हणतात आणि मधल्या सुट्टीत खोटं बोलतात. आपणही तेच केलं होतं.

तुम्ही म्हणताय तसं वेडंवाकडं वागणाऱ्या मुलाचं एक जगप्रसिद्ध पुस्तक आहे, मॉरिस सेंडाक यांचं १९६३ चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. मॅक्स दंगा करतो, आईला उलट बोलतो, आई त्याला न जेवता खोलीत पाठवते. तिथे खोलीचं रान होतं, तो होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो. आता गंमत बघा, सुरुवातीला चित्र पानावर लहानसं आहे, भोवती पांढरी चौकट, आणि त्याचा राग जसा वाढतो तसं चित्र पसरत जातं, पसरत जातं, शेवटी जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन्ही पानं, भरून टाकतं आणि शब्द खाली ढकलले जातात. मग सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही, नुसता धिंगाणा. रागात आपल्याला तरी कुठे शब्द सुचतात? मग तो कंटाळतो, घरची आठवण येते, परत येतो तर खोलीत जेवण ठेवलेलं. आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, पांढऱ्या पानावर एवढंच की जेवण अजून गरम होतं.

आई कुठेच दिसत नाही, "परत असं करू नको हं" म्हणत नाही, मिठी नाही. पण जेवण गरम आहे. हे वाचल्यावर आमच्याकडे एका मुलाने विचारलं होतं, "मग आईने कधी ठेवलं?" मी म्हटलं तूच सांग. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "ती दाराबाहेरच बसली असणार." पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नाही हो. तुमचे पालक विचारतील यातून काय शिकला, तर मला त्याचं एका ओळीत उत्तर देता येणार नाही आणि द्यायचंही नाही. पुस्तक आलं तेव्हा मुलं घाबरतील अशी तिकडेही ओरड झालीच होती, १९६४ मधे त्याला अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं कॅल्डेकॉट मेडल मिळालं.

तात्पर्य विचारायचंच असेल तर एवढं करून बघा, गोष्ट संपल्यावर "काय शिकलात" ऐवजी "तुला कुठलं पान परत बघायचंय" विचारा. आणि मग गप्प बसा, आपल्या दोघींना तेच सगळ्यात अवघड जाणार आहे.

प्रश्न: मी आयटीत आहे, माझ्या मुलासाठी रोज गोष्टी रचते. त्यातली एक लिहून काढलीये, यमकात आहे, साधारण १४०० शब्द. चित्रकार शोधतीये. आधी काय करू? — हडपसरची आई

उत्तर: आधी चित्रकार शोधणं थांबवा. कोरे कागद घ्या, मधोमध दुमडून पिना मारा, १६ पानांची डमी तयार करा आणि तुमची गोष्ट पेन्सिलीने पानावर वाटून लिहा. १४०० शब्द मावणार नाहीत. तिथून कापाकापी सुरू. "निळ्या रंगाची सुंदर फुलं असलेला फ्रॉक घातलेली मिनी" हे सगळं चित्रकाराचं काम आहे, तुम्ही नुसतं "मिनी" लिहा, किंबहुना मिनीच्या फ्रॉकला रंग कुठला ते त्यालाच ठरवू दे. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त मजकूर असा निघून जातो आणि वाईट वाटतं, वाटू द्या.

यमकाचं म्हणाल तर मोठ्याने वाचा, आणि मुलाला नाही, नवऱ्याला वाचायला लावा, त्याला चाल माहीत नसते त्यामुळे तो जिथे अडखळेल तिथे यमक ओढूनताणून आणलेलं आहे. यमकासाठी "जाहला" आणि "वदला" आणलं असेल तर यमक सोडा. आणि आपण दिवसभर इंग्रजी ईमेलं लिहिणारी माणसं, त्यामुळे "त्याने त्याचे हात त्याच्या खिशात घातले" अशी वाक्यं नकळत उतरतात, भाषांतरित पुस्तकांत तर यांचा सुळसुळाट आहे, एक तर मी मधेच मिटून स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं. मराठीत नुसते खिशात हात घालतात. आपल्याकडे टुणकन, भसकन, डुबुक, चिडीचूप, खुदकन अशी केवढी दौलत आहे, एका शब्दात आवाजही होतो आणि हालचालही. पण तीही मिठासारखी वापरा, प्रत्येक ओळीत टुणकन आलं की कुणीच उडी मारत नाही.

डमी झाली की मला पाठवू नका, आधी शेजारच्या पोराला वाचून दाखवा, स्वतःच्या नको, ते प्रेमाने ऐकतं. शेजारचं कितव्या पानावर पाणी प्यायला उठलं तेवढं त्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.