'काय चाललंय?' विचारलं की 'काही नाही' म्हणतो

"मॅडम, जाईपर्यंत माझ्याशिवाय पान हलायचं नाही त्याचं. आता फोन उचलतो, 'नंतर बोलतो' म्हणतो आणि ठेवून देतो. त्याच्या मनात काही वाईट तर नसेल?"

अशी काळजी घेऊन येणारे आईवडील मला दरवर्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात भेटतात. या बाई सांगलीकडच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा जर्मनीत माग्डेबुर्गला एम.एस. करायला गेलेला, सप्टेंबरअखेर. पहिला महिना रोज गप्पा, मग एकदम तुटक.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही फोन किती वाजता करता?" रात्री नऊला, जेवणं उरकल्यावर. "आणि तेव्हा तिकडे किती वाजलेले असतात?" त्या गप्प झाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. आपल्यातलं आणि त्यांच्यातलं साडेतीन तासांचं अंतर साडेचारचं होतं. आधी आईचा फोन तिकडे साडेपाचला जायचा, पोरगा प्रॅक्टिकल संपवून ट्राममध्ये बसलेला असायचा. आता तोच फोन साडेचारला, ऐन प्रॅक्टिकलमध्ये वाजत होता. 'नंतर बोलतो' मागचं अर्धं कारण इतकं साधं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले.

"आईला सांगण्यासारखं काही घडतच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, न घडलेलंच सांग. कालचा दिवस सांग.

मग त्यानं सांगितला. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कॉलेजला जाताना अंधार, येतानाही अंधार. स्वयंपाकघर चौघांत एक, फ्रिजमधला एकच कप्पा याचा. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत साठवून दुकानातल्या मशीनमध्ये टाकायच्या, बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. हे सगळं तो रंगून सांगत होता. सांगता सांगता गोष्ट संध्याकाळी सहापर्यंत आली आणि तो अडखळला.

संध्याकाळी तो एका हॉटेलात भांडी घासायला जात होता. अकराला परत येई, तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेतीन.

"बाबांनी कर्ज काढून पाठवलंय. आईला कळलं तर रडेल ती." म्हणजे 'काय चाललंय?' या प्रश्नाचं खरं उत्तर ज्या तासांत होतं, तेच तास त्याला झाकायचे होते. ते झाकायचे तर बाकीचंही फार बोलून चालत नाही. बोलता बोलता निसटतं.

परदेशातल्या मुलांच्या अबोल्यामागे मला हे फार वेळा सापडतं. दुरावा क्वचितच असतो. बहुतेकदा एखादी साधीच गोष्ट लपवलेली असते: काम, नापास झालेला एखादा विषय, महिनाअखेरीची ओढाताण. जर्मनीच्या व्हिसासाठी बँकेत अडकवलेल्या पैशांतून दरमहा ९९२ युरो हातात येतात. त्यातच भाडं, विमा आणि खाणं. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची तिथल्या कायद्यानं मुभा आहे आणि तिथली जर्मन मुलंही शिकताना कामं करतात. यात लाजण्यासारखं तसूभरही नाही, पण आपल्या घरांत 'पोरगा फॉरेनला' या शब्दांचं जे ओझं आहे, ते त्या पोराच्याच डोक्यावर असतं.

आईला हे त्यानंच सांगावं, असं आम्ही ठरवलं. वेळही बदलली: रविवार, आपल्याकडे दुपारी साडेतीन, तिकडे सकाळी अकरा. आठवड्याची डाळ-भाजी करून डब्यांत भरायची ही त्याची वेळ. मोबाइल खिडकीत टेकवून तो मसुराची डाळ फोडणीला टाकत होता आणि त्यानं सांगून टाकलं. आई क्षणभर थांबली, मग म्हणाली, "अरे, एवढ्या थंडीत साबणाच्या पाण्यानं हात फुटत असतील. खोबरेल लावतोस की नाही?" हे मला तिनंच नंतर सांगितलं. रडली ती, पण फोन ठेवल्यावर.

आईवडिलांना माझं सांगणं एवढंच, की 'कसा आहेस?' ऐवजी वस्तूंबद्दल विचारा. शेजारच्या खोलीत कोण राहतं, आज कोणती भाजी मिळाली, ट्रामला गर्दी होती का. अशा प्रश्नांना 'काही नाही' हे उत्तर देताच येत नाही.

मात्र प्रत्येक अबोला इतका साधा नसतो. मूल आठवडेच्या आठवडे वर्गात जात नसेल, दिवसा झोपून रात्री जागत असेल, रांधणं-खाणं-अंघोळ सोडली असेल, परीक्षेला बसायचंच टाळत असेल, तर गप्पांची वेळ बदलून भागणार नाही. जर्मनीत विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या 'श्टुडिरेंडेनवेर्क' या संस्थेकडे बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय सल्ला मिळतो, सहसा मोफत, आणि अनेक शहरांत इंग्रजीतूनही. नंबर लागायला वेळ जाऊ शकतो, म्हणून शंका येताच त्याला वेळ घ्यायला लावा. 'जगून काय करू' असं काही तो बोललाच, तर वाट बघू नका. त्याला बोलतं ठेवा, दुसऱ्या फोनवरून त्याच्या मित्राला लगेच खोलीवर पाठवा आणि ११२ या तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करायला सांगा. यासाठी त्याच्या दोन-तीन मित्रांचे नंबर आणि खोलीचा पूर्ण पत्ता तुमच्या वहीत आजच लिहून ठेवा.