पेट्रोल वाचवायचं तर आधी ब्रेककडे बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. गाडी चालवण्याच्या कोणत्या सवयींनी पेट्रोल वाचतं, आणि उतारावर गाडी न्यूट्रल करावी का? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो : करू नका. कारण पुढे सांगतो.

मी बरीच वर्षं दर वेळी टाकी फुल करतो आणि किलोमीटर नि लिटर वहीत टिपून ठेवतो. घरचे त्यावरून चेष्टा करतात, पण त्या वहीनेच मला एक गोष्ट पटवली. पेट्रोल जाळतो ॲक्सिलरेटर, पण ते वाया घालवतो ब्रेक.

हिशेब मांडून बघा. साधारण 1200 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे 167 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, पण तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे शून्यावरून साठवर यायला, हवेचा आणि रस्त्याचा विरोध न धरताही, 20 मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. पुढे लाल सिग्नल दिसत असतानाही वेग वाढवत गेलात आणि शेवटी कचकन ब्रेक मारलात, की ते वीस मिलिलिटर ब्रेक तापवण्यात गेले. असं पन्नास वेळा केलं की एक लिटर संपलं. गर्दीच्या रस्त्यावर पन्नास वेळा व्हायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून पहिली सवय पायाची नाही, डोळ्यांची. पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघून चालवू नका. तिच्या पलीकडच्या दोन-तीन गाड्या, सिग्नल, वळण, स्पीडब्रेकर हे सगळं आधीच हेरा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की तिच्या प्रत्येक ब्रेकला तुम्हाला ब्रेक दाबावा लागत नाही. थांबावं लागणार हे दिसलं की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. बऱ्याचदा तुम्ही पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि गाडी पूर्ण थांबतच नाही. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. तो पुढच्या सिग्नलला तुमच्या शेजारीच उभा असतो.

इथेच न्यूट्रलचा प्रश्न येतो. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या जमान्यात उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांचं थोडंफार बरोबर होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं, म्हणजे ज्यांत इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारतो त्यांचं, वेगळं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीतला संगणक इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी इंजिनात पेट्रोल जातच नाही. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं त्या वेगाच्या) जवळ उतरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहतं. शिवाय लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरत नाहीत. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-चार दाबांत संपते. अगदी हलक्या उतारावर गिअरमध्ये गाडी मंदावते आणि न्यूट्रलमध्ये लांब जाते, हे खरं आहे. पण तिथे पाय अगदी अलगद टेकवून ठेवला तरी भागतं. तेवढ्यासाठी गाडीवरचा ताबा सोडू नये, असं माझं मत.

वेगाचं सांगायचं तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ऐवजी 100 ने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. 30 किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यातून वेळ वाचतो फक्त साडेचार मिनिटं. टपावरचा रिकामा कॅरिअरही याच कारणाने पेट्रोल खातो. लागत नसेल तेव्हा काढून ठेवा.

गिअर लवकर वाढवा, पण इंजिनाचा जीव काढू नका. गाडी आचके द्यायला लागली किंवा घरघरली, की समजा खालचा गिअर हवा. पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडी मुंगीच्या पावलाने उचलणारेही भेटतात. त्याचीही गरज नाही, कारण खालच्या गिअरमध्ये रेंगाळणं महागच पडतं. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. नाहीतर पेट्रोलबरोबर क्लच प्लेटही जळते.

एसीबद्दल लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. गावातल्या वेगात काचा उघड्या ठेवणं स्वस्त, मोठ्या रस्त्यावर काचा बंद आणि एसी चालू. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी मिनिटभर काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. कोणासाठी तरी थांबला असाल तर इंजिन बंद करा. नुसतं आयडलवरही ते तासाला अर्धा लिटर ते एक लिटर पिऊ शकतं. चालत्या रहदारीत मात्र चावीशी खेळू नका.

चाकांतली हवा ही चालवण्याची सवय नव्हे, पण तिच्याशिवाय वरचं सगळं अर्धवट राहतं. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरू नका.

आणि हो, बदल करण्याआधी दोन टाक्या नेहमीसारखीच गाडी चालवून मोजा. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी परत फुल, आणि मग किलोमीटर भागिले भरलेले लिटर. पंप ऑटोकट झाला की तिथेच थांबवा, वर आणखी ठासून भरायला लावलंत तर हिशेब चुकतो. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका. माझ्या वहीपेक्षा माझा डॅशबोर्ड नेहमीच जास्त खुशीत असतो.