आधी दार उघड

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सोसायटीच्या हिशेबाचं तुझं सॉफ्टवेअर परवा पाहिलं. बिलं निघतात, थकबाकी कळते, पावती छापून येते. तरी तू म्हणालास, "सगळा कोड पुन्हा नीट लिहितो, मग सहा महिन्यांनी ओपन सोर्स करतो, म्हणजे कोड सगळ्यांना खुला करतो." मला त्या सहा महिन्यांची धास्ती वाटते.

का, ते एका जुन्या गोष्टीवरून सांगतो. ग्नू हा सगळ्यांना खुली अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प. तिच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, नाव हर्ड; त्याचं काम 1990मध्ये सुरू झालं. मायक्रोकर्नलवरची, म्हणजे गाभा अगदी छोटा ठेवून बाकीची कामं वेगळ्या प्रोग्रॅमांना देणारी, देखणी रचना, करणारी माणसं जाणकार. पुढच्याच वर्षी लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या फिनिश विद्यार्थ्याने आपलं अर्धकच्चं कर्नल, लिनक्स, सगळ्यांपुढे ठेवलं. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारे प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी 1992मध्ये त्याची रचना कालबाह्य ठरवली. पण ते 386 चिपच्या साध्या पीसीवर चालत होतं. रात्री कुणी दुरुस्ती पाठवली, की ती लवकरच पुढच्या आवृत्तीत दिसायची. आपलं काम घेतलं गेलं हे दिसलं की माणूस पुन्हा येतो! हर्डमध्ये बाहेरच्याला हात लावण्याजोगं, चालतं काही मिळायलाच फार वर्षं लागली. नशिबाचा भागही होता: ग्नूचा कंपायलर (कोडचं चालत्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारं साधन) आयता तयार होता आणि बीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम 1992 ते 1994 खटल्यात अडकली होती. पण आयत्या वेळी लिनक्स चालत्या अवस्थेत हजर होतं, हे महत्त्वाचं.

माझं स्वतःचं सांगतो. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक साधन मी केलं होतं. गिरगावातल्या एका छापखान्याची जुनी पुस्तकं त्याने वाचवली. जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी, सगळं अचूक. कोड खुला केला, परवानाही नीट दिला. मात्र ते इन्स्टॉल कसं करायचं, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एका मुलीने दुरुस्ती पाठवली. मी दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण तिची पद्धत मला पटली नव्हती. ती परत आली नाही. दुसरं कुणी आलंच नाही. आजही त्याची रुखरुख लागते.

म्हणून रचनेची काळजी थोडी बाजूला ठेव. परवाना आजच लाव. तो नसेल तर कोड दिसत असूनही कुणाला कायद्याने वापरता येत नाही. इन्स्टॉल करायच्या पायऱ्या मराठीत लिही. दोन-तीन सोप्या त्रुटी मुद्दाम सोडवू नकोस, नव्या माणसासाठी ठेव.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. तुझ्या लिहिलेल्या पायऱ्या वाचून मी ते माझ्या मशीनवर चढवीन. मी कुठेही अडलो तरी तू तोंडाने काही सांगायचं नाहीस, फक्त कुठे अडलो ते टिपून घे.

तुझा,
काका