सांगलीतल्या जुन्या घराचा तळमजला कमी खर्चात कसा बदलावा?

गावभागातल्या घरातली मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं करायचंय, असं तुम्ही विचारलंय. आधी भिंतीची जाडी मोजा. नऊ इंच किंवा जास्त भरली, किंवा वरच्या तुळयांची टोकं तिच्यावर टेकलेली दिसली, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण लावूच नका. त्याच्या फीमध्ये काटकसर नको.

मोरी-संडास आहेत तिथेच ठेवा. पाइप हलवले की फरशी उखडते आणि खर्च फुगतो.

आणि कृष्णाकाठ आहे, तेव्हा २०१९ च्या पुराची खूण भिंतीवर शोधा. आमच्याकडे ती कमरेच्या वर आहे. म्हणून विजेचे बोर्ड तिच्याही वर घेतले, ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडप्प्याचे कप्पे केले. प्लाय पुरात फुगून पापुद्रे सुटलेलं मी हातांनी उचललंय.